तीन आठवड्यांसाठी जपानला भाषा शिकायला जाताना

"तीन आठवड्यांत भाषा थोडीच येते? मग एवढा खर्च कशाला?" जपानला भाषावर्गासाठी जायचं ठरवलं, तेव्हा बाबांनी मला हा प्रश्न विचारला होता. आता दर वर्षी कुणी ना कुणी विद्यार्थी किंवा त्याचे आईवडील तोच प्रश्न मला विचारतात. प्रश्न रास्त आहे आणि उत्तरही सरळ आहे. तीन आठवड्यांत भाषा येत नाही. पाटी कोरी घेऊन गेलात, तर चार वाक्यं आणि भरपूर फोटो घेऊन परत याल. पण इथे दोन-तीन वर्षं बसून जे शिकलात, ते तोंडातून बाहेर काढायला तीन आठवडे पुरतात. जाण्याचा हेतू एवढाच ठेवला, तर तयारी कशी करायची, वर्ग कोणता निवडायचा, तिथली संध्याकाळ कशी घालवायची, हे सगळं आपोआप ठरत जातं.

मी पुण्यात जपानी शिकले. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन ४ ही पातळी पास झाल्यावर जूनमध्ये ओकायामा शहरात तीन आठवड्यांचा वर्ग केला आणि त्या काळात एका जपानी कुटुंबात राहिले. पुणेकरांना ओकायामा हे नाव अनोळखी नाही. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान हे पुणे-ओकायामा मैत्री उद्यान आहे आणि ते ओकायामातल्या कोराकुएन या बागेच्या धर्तीवर उभारलेलं आहे. पुढचा मजकूर माझ्या अनुभवावर आणि नंतर जाऊन आलेल्या विद्यार्थ्यांशी झालेल्या बोलण्यावर आधारलेला आहे.

जायचं कधी?

आपल्याकडचे बहुतेक विद्यार्थी जेएलपीटीसाठी शिकतात. जुलै आणि डिसेंबरमध्ये होणाऱ्या या परीक्षेत शब्द, व्याकरण, वाचन आणि ऐकणं यांचा कस लागतो, पण बोलण्याची परीक्षा तिच्यात नसते. त्यामुळे एन ४ उत्तम गुणांनी पास झालेला मुलगा जपानी माणसासमोर गप्प उभा राहतो, असं सर्रास घडतं.

माझं पहिल्याच संध्याकाळी तसं झालं. घराजवळच्या छोट्या दुकानातून मी दही घेतलं आणि उमे हे खारवलेलं आंबट फळ घातलेला भाताचा त्रिकोणी गोळा, म्हणजे ओनिगिरी, घेतला. गल्ल्यावरच्या मुलीने पाठोपाठ तीन-चार प्रश्न विचारले. मला त्यातला एकही कळला नाही, आणि मी प्रत्येकाला "हाई", म्हणजे हो, म्हटलं. परिणामी गरम केलेली ओनिगिरी, नको असलेला चमचा आणि विकतची पिशवी घेऊन मी बाहेर आले. रात्री वहीत ते प्रश्न ऐकू आले तसे लिहिले आणि सकाळी वर्गात बाईंना दाखवले. "आतातामेमास का?" म्हणजे गरम करू का. "फुकुरो वा गोरियो देस का?" म्हणजे पिशवी हवी का. व्याकरणात मला नवीन असं काहीच नव्हतं. नवीन होता तो वेग आणि गिऱ्हाइकाशी बोलताना वापरायची आदराची भाषा.

म्हणून माझा सल्ला असा, की किमान एन ५ या पहिल्या पायरीचा अभ्यास पक्का झाल्याशिवाय जाऊ नका. एन ४ च्या आसपास असाल तर सर्वांत उत्तम. 'मिन्ना नो निहोंगो'ची दोन्ही पुस्तकं संपत आली असतील, तर तुमच्याकडे बोलण्यापुरता ऐवज आहे. हिरागाना आणि काताकाना या दोन्ही लिप्यांतली प्रत्येकी ४६ मूळ अक्षरं न अडखळता वाचता यायलाच हवीत. आपली मुलं काताकानाकडे दुर्लक्ष करतात, आणि तिथे हॉटेलच्या यादीपासून औषधाच्या पाकिटापर्यंत सगळीकडे तीच लिपी भेटते.

महिना निवडताना जपानचं वर्ष डोक्यात ठेवा. एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीची सलग सुट्टी आणि ऑगस्टच्या मध्यावरचा ओबोन हा पूर्वजांचा सण या दिवसांत प्रवास महाग असतो आणि गर्दीही फार असते. जूनमध्ये त्यांचा पावसाळा असतो. आपल्याला त्याचं अप्रूप नसलं तरी दमट उकाडा मात्र जाणवतो.

वर्ग निवडताना काय विचारावं?

माहितीपत्रकातले किल्ले आणि चेरीची झाडं बाजूला ठेवा आणि संस्थेला पाच प्रश्न लेखी विचारा. एका वर्गात जास्तीत जास्त किती विद्यार्थी असतात? पातळी ठरवणारी परीक्षा कधी होते, आणि पातळी चुकली तर वर्ग बदलून मिळतो का? आठवड्याला किती तासिका, आणि एक तासिका किती मिनिटांची? शुल्कात पुस्तकं, सहली आणि विमा येतो का? व्हिसा नाकारला गेला तर पैसे किती परत मिळतात? लेखी उत्तर टाळणाऱ्या संस्थेत किंवा मध्यस्थाकडे पैसे भरू नका.

शहराचा विचार वेगळा करा. तोक्यो मोठं आणि सोयीचं आहे. तिथल्या एदोगावा प्रभागात निशिकासाईच्या आसपास खूप भारतीय राहतात. २०१९ मध्ये त्या प्रभागाच्या सभेवर योगेंद्र पुराणिक हा मराठी माणूस निवडून आला होता. कायम राहायला जाणाऱ्याला अशा वस्तीचा मोठा आधार असतो. तीन आठवड्यांसाठी जाणाऱ्याने मात्र ती वस्ती टाळावी, कारण संध्याकाळी हिंदी-मराठीत गप्पा मारायची सोय झाली की जपानी मागे पडतं. मध्यम आकाराच्या शहरात लोकांना वेळ असतो आणि ते तुमच्याशी इंग्रजीत बोलायला फारसे धजत नाहीत. तुम्हाला नेमकं तेच हवं असतं.

त्या शहराची स्वतःची बोली असते, हेही गृहीत धरा. ओकायामात 'म्हणून' या अर्थी "दाकारा"ऐवजी "जाकेए" ऐकू येतं आणि 'खूप' या अर्थी "देएरेए". प्रमाण मराठी शिकून कोल्हापूरला आलेल्या माणसाची जी गत होते, तीच तिथे आपली होते. घाबरू नका. लोक तुमच्याशी बोलताना आपणहून पुस्तकी भाषेवर येतात, आणि बोलीतला एखादा शब्द तुम्ही उलट वापरलात तर त्यांना मनापासून आनंद होतो.

व्हिसा, पैसे आणि औषधं

९० दिवसांपर्यंतच्या वर्गासाठी अल्प मुदतीचा व्हिसा लागतो. अर्जात भाषावर्गाला जातो आहोत असा खरा हेतूच लिहा आणि संस्थेचं प्रवेशपत्र जोडा. बँकेचं विवरण, पालकांची प्राप्तिकराची कागदपत्रं, राहण्याचा पत्ता आणि दिवसवार कार्यक्रम तयार ठेवा. या व्हिसावर कुठलंही पगारी काम करता येत नाही. आठवड्याला २८ तास काम करायची मुभा लांब मुदतीच्या विद्यार्थ्यांना, तीही वेगळी परवानगी घेतल्यावर मिळते. "तिथे काम करून खर्च भरून निघेल" असं कुणी सांगत असेल, तर त्या माणसापासून दूर राहा. नियम बदलत असतात, म्हणून अर्जाआधी मुंबईतल्या जपानी वकिलातीचं संकेतस्थळ स्वतः वाचा.

खर्चात शुल्क आणि विमानभाडं हे दोन मोठे आकडे. गेल्या काही वर्षांत एक येन साधारण अर्धा ते पाऊण रुपया या दरम्यान राहिला आहे, तेवढ्यावर हिशेब मांडता येतो. शिष्यवृत्तीची चौकशी आपल्या कॉलेजपासून सुरू करा. दोन विद्यापीठांत करार असेल तर शुल्क माफ होऊ शकतं, आणि जासो या जपानी संस्थेची मदत अशा विद्यापीठांमार्फतच मिळते.

हातात थोडी रोकड हवीच, कारण छोट्या खाणावळी अजून नाण्यांवर चालतात. सेव्हन-इलेव्हनच्या दुकानांतल्या एटीएममध्ये परदेशी कार्ड चालतं. पश्चिम जपानात रेल्वे आणि बससाठी 'इकोका' कार्ड घ्या. त्यातले ५०० येन अनामत असतात, कार्ड परत केलं की ते परत मिळतात.

औषधांबाबत जपान फार कडक आहे. आपण घरात सहज ठेवतो त्या सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं आणि खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असतं. ठरावीक प्रमाणापुढे ही दोन्ही न्यायला बंदी आहे. प्रत्येक पाकिटावरचे घटक वाचा, डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत घ्या आणि डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध एका महिन्यापेक्षा जास्त नेऊ नका. मांसाचे पदार्थ, ताजी फळं आणि भाज्या सामानात घालू नका. प्रवासविमा घेतल्याशिवाय घराबाहेर पडू नका. पोलिसांचा क्रमांक ११० आणि रुग्णवाहिकेचा ११९, हे दोन्ही पाठ करा.

मराठीची शिदोरी

सामानाशिवाय आपल्याकडे अजून एक मोठं भांडवल आहे, ज्याची जाणीव वर्गात कुणी करून देत नाही. जपानी वाक्य मराठीसारखंच चालतं. क्रियापद शेवटी येतं आणि विभक्ती शब्दाच्या मागून लागते. त्याहून मोठी गंमत संयुक्त क्रियापदांत आहे. 'शिते मिरु' म्हणजे करून बघणे, आणि 'मिरु' म्हणजे बघणेच. 'काइते ओकु' म्हणजे लिहून ठेवणे, आणि 'ओकु' म्हणजे ठेवणे. 'योन्दे शिमाउ' म्हणजे वाचून टाकणे. 'मोत्ते कुरु' म्हणजे घेऊन येणे. इंग्रजीतून जपानी शिकताना हे प्रकार नियम म्हणून घोकावे लागतात. मराठीतून विचार केला की ते आपल्या घरातलेच निघतात.

उच्चारांतही आपण नशीबवान आहोत. 'त्सु' हा आवाज पुष्कळ परदेशी विद्यार्थ्यांना अवघड जातो. आपल्या 'चूल'मधला च म्हणजेच जवळपास तो आवाज, आणि 'चहा'मधला च म्हणजे जपानी 'च'. लक्ष द्यायला हवं ते ऱ्हस्व-दीर्घाकडे. 'ओबासान' म्हणजे मावशी-काकू आणि 'ओबाआसान' म्हणजे आजी. लिहिताना आपण ऱ्हस्व-दीर्घावर वाद घालतो, पण बोलताना ते सैल सोडतो. जपानीत तसं चालत नाही.

तेव्हा निघण्याआधीचा महिना नवीन व्याकरणात घालवू नका. रोज वीस मिनिटं मोठ्याने बोला. मी कोण, घरी कोण असतं, काय खाते, काय खात नाही, आमच्या गावात पाऊस कसा पडतो, गणपतीत काय असतं, अशा दहा विषयांवर प्रत्येकी दोन मिनिटं न थांबता बोलता आलं पाहिजे. तिथे पहिल्या आठवड्यात सगळे हेच विचारतात.

कुटुंबात राहताना

वसतिगृह आणि कुटुंब असे दोन पर्याय असतील, तर कुटुंब निवडा. वर्गात दिवसाला तीन-चार तास जपानी कानावर पडतं, घरात ते उठल्यापासून झोपेपर्यंत चालू असतं.

घराचे काही नियम आधी माहीत हवेत. दारातल्या खोलगट जागेत बूट काढायचे आणि त्यांची टोकं दाराकडे करून ठेवायची. संडासाच्या सपाता वेगळ्या असतात, त्या घालून बाहेर यायचं नाही. तातामीच्या, म्हणजे गवती चटया अंथरलेल्या, खोलीत कुठल्याच सपाता चालत नाहीत. कचऱ्याचे प्रकार आणि वार ठरलेले असतात, त्याचा तक्ता पहिल्याच दिवशी समजून घ्या.

सर्वांत महत्त्वाचा नियम न्हाणीघराचा. बाहेर साबण लावून अंग पूर्ण धुवायचं आणि मग टबातल्या गरम पाण्यात नुसतं बसायचं. ते पाणी सगळ्या घरासाठी असतं. पहिल्या रात्री मला आधी अंघोळ करायचा मान दिला आणि मी उठताना सवयीने टबाचं बूच काढलं. ओकाआसान, म्हणजे घरातली आई, काही बोलल्या नाहीत. त्यांनी पुन्हा टब भरायला लावला आणि घरच्यांच्या अंघोळी रात्री उशिरापर्यंत चालल्या. कारण मला दुसऱ्या दिवशी वर्गात कळलं. संध्याकाळी मी माफी मागितली, तेव्हा मोडक्यातोडक्या जपानीत आमच्याकडे बादलीतून तांब्याने पाणी घेतात हे हातवारे करून सांगितलं. त्या रात्री पहिल्यांदा आम्ही तासभर बोललो. चूक झाली की लपवू नका. ती समजावून सांगण्यात भाषा सुटते.

शाकाहारी असाल तर एक गोष्ट नीट समजून घ्या. भाजी, नूडल आणि मिसो सूप या सगळ्यांत बहुधा सुकवलेल्या मासोळीचं पाणी, म्हणजे दाशी, असतं. माझ्या मध्यस्थाने 'शाकाहाराची सोय आहे' असं मला सांगितलं होतं. कुटुंबाला मात्र 'मांस खात नाही' इतकंच कळवलं होतं. म्हणून काय चालतं आणि काय नाही, हे स्वतः जपानीत लिहून आधी पाठवा. "निकु तो साकाना वा ताबेरारेमासेन. कात्सुओबुशी नो दाशी मो दामे देस," म्हणजे मांस आणि मासे खाता येत नाहीत, मासोळीची दाशीही चालत नाही. त्यासोबत चालणाऱ्या पदार्थांची यादी द्या: तोफू, अंडं, दूध, समुद्रशेवाळाची दाशी. नुसते नकार वाचून यजमान हवालदिल होतात. एका रविवारी स्वयंपाक तुम्ही करा. मी बटाट्याची भाजी आणि पोळ्या केल्या. पोळी फुगलेली पाहून घरातले सगळे ओट्याभोवती जमले आणि पीठ, तवा, लाटणं, वाफ या शब्दांसाठी मला पुस्तक उघडावं लागलं नाही.

भेट म्हणून महाग वस्तू नेऊ नका. वारली चित्राची छोटी चौकट, खणाचा बटवा, चहाचा मसाला असं काहीतरी न्या, ज्याबद्दल तुम्हाला चार वाक्यं बोलता येतील.

वर्ग सुटल्यावर

तिथला खरा अभ्यास दुपारनंतर सुरू होतो. माझ्या वर्गात तैवानचे दोघे, फ्रान्सचा एक आणि व्हिएतनामची एक मुलगी होती. तैवानचे मुलगे कांजी, म्हणजे चिनीतून आलेली अक्षरं, सरसर वाचायचे, ते पाहून पहिले दोन दिवस मी खचले. बोलण्यात मात्र आम्ही सगळे सारखेच होतो. व्हिएतनामच्या मुलीला इंग्रजी येत नव्हतं, त्यामुळे तिच्याशी बोलायला जपानीशिवाय मार्गच नव्हता. तिच्यासोबत ट्राममधून फिरताना माझी जीभ सर्वांत जास्त सैल झाली. ज्याच्याशी तुमची दुसरी कुठलीच भाषा जुळत नाही, असा मित्र मुद्दाम जोडा.

रोजचा क्रम साधा ठेवा. एका वहीत दिवसभरात ऐकलेली आणि न कळलेली पाच वाक्यं लिहा, सकाळी शिक्षकांना विचारा आणि त्याच दिवशी त्यातलं एक वापरा. रोज त्याच दुकानात, त्याच वेळी जा, म्हणजे माणसं ओळखायला लागतात. शहरात परदेशी लोकांसाठी देवाणघेवाण केंद्र असेल तर तिथे स्वयंसेवक गप्पा मारायला येतात, त्यांची वेळ विचारून घ्या. फोनवरचं भाषांतर औषध, रेल्वे आणि अडचण यांच्यापुरतंच ठेवा. हॉटेलात गेल्यावर कॅमेरा उघडण्याआधी "कोरे वा नान देस का?", म्हणजे हे काय आहे, असं विचारा.

तिसऱ्या आठवड्यात मी त्याच दुकानात गेले होते. गल्ल्यावरच्या त्या मुलीने नेहमीचे प्रश्न विचारलेच नाहीत. बाहेर बघून ती म्हणाली, "आमे, फुत्ते किमाशिता ने." पाऊस आला ना. शेवटचं 'ने' अगदी आपल्या 'ना'सारखं. मी म्हटलं, "सोओ देस ने. कासा ओ वासुरेते शिमाइमाशिता." हो ना, छत्री विसरून बसले. वाक्य मनात जुळवावं लागलं नाही. एवढ्यासाठी मी गेले होते.

परत आल्यावर

निघण्याआधी संस्थेकडून तासिकांची संख्या आणि पातळी लिहिलेलं प्रमाणपत्र घ्या. कॉलेजात किंवा नोकरीच्या अर्जात त्याचा उपयोग होतो. घरी आल्यावर पहिल्या आठवड्यातच यजमानांना हाताने जपानीत पत्र लिहा. वहीतली सगळी वाक्यं एकदा मोठ्याने वाचा. नंतर आठवड्यातून एक ठरलेला दिवस बोलण्यासाठी राखून ठेवा, मग तो फोनवरून असो की पुण्या-मुंबईत शिकणाऱ्या मित्रांसोबत. हे केलं नाही तर सुटलेली जीभ दोन-तीन महिन्यांत पुन्हा अडते. मी पाहिलेल्यांत ज्यांनी सराव सोडला, त्या सगळ्यांचं तसंच झालं.

जपानीत घराबाहेर पडताना "इत्तेकिमास" म्हणतात, म्हणजे जाऊन येते. घरातलं माणूस "इत्तेराश्शाई" म्हणतं, या जाऊन. 'जाते म्हणू नये, येते म्हणावं' असं आमची आजी सांगायची, त्यामुळे हा शब्द मला पहिल्या दिवसापासून तोंडात बसला होता. शेवटच्या सकाळी बॅग घेऊन दारात उभी राहिले, तेव्हा निरोपाचा कोणता शब्द वापरावा ते मला सुचेना. ओकाआसाननी रोजच्यासारखंच "इत्तेराश्शाई" म्हटलं.

जुलैच्या अखेरीस त्यांचा फोन आला. ओकायामाची पांढरी पीच बाजारात आली होती आणि शेजारच्या आजींनी माझी चौकशी केली होती. आम्ही वीस मिनिटं बोललो. बाबा शेजारी बसून ऐकत होते. फोन ठेवल्यावर ते म्हणाले, "मला एक शब्द कळला नाही. पण तू कुठे अडखळली नाहीस."